तुरियाल्बातील जंगलनद्यांवर कयाकचा आठवडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथे मुक्काम ठेवून गाईडसोबत आठवडाभर कयाक चालवण्याच्या या सहलीविषयी नाव नोंदवण्यापूर्वी जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सगळी उत्तरे वाचायला वेळ नसेल, तर निदान पाण्याच्या पातळीविषयीचे उत्तर पूर्ण वाचावे. बाकीचे बहुतेक नियम त्यातूनच निघालेले आहेत.

हा आठवडा नेमका कोणत्या नद्यांवर असतो?

तुरियाल्बा हे गाव राजधानी सान होसेच्या पूर्वेला, तुरियाल्बा ज्वालामुखी आणि तालामांका पर्वतरांग यांच्या मधल्या खोऱ्यात वसलेले आहे. कॅरिबियन समुद्राकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे या डोंगरांना अडतात आणि वर्षातले बहुतेक महिने येथे पाऊस पाडतात. त्यामुळे गावापासून गाडीने थोड्या वेळात पोहोचता येईल अशा अंतरावर वेगवेगळ्या स्वभावाच्या नद्या मिळतात. पेहिबाये ही लहान, मोकळी आणि चुका पोटात घालणारी नदी आहे. ती ज्या रेव्हेंतासोन नदीला मिळते ती मोठ्या पाण्याची आहे, तिच्या लाटा उंच आणि प्रवाह जोरदार असतो. पाकुआरे ही तालामांकात उगम पावून सुमारे १०८ किलोमीटर वाहत कॅरिबियन समुद्राला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यावर दोन्ही बाजूंनी जंगलाने झाकलेली घळ आहे आणि या आठवड्याचा मुख्य भाग तेथेच घडतो.

दिवसांचा क्रम कसा असतो?

पहिला दिवस पेहिबायेवर, म्हणजे श्रेणी २ ते ३ च्या पाण्यावर जातो. त्या दिवशी गाईड शिकवण्यापेक्षा पाहण्याचे काम जास्त करतात : कोण एडीत, म्हणजे खडकामागच्या शांत, उलट फिरणाऱ्या पाण्यात, वेळेवर शिरतो, कोण प्रवाह आडवा ओलांडताना बोट चुकीच्या बाजूला झुकवतो, बोट उलटल्यावर कोण शांत राहतो. दुसरा आणि तिसरा दिवस पाणी पाहून रेव्हेंतासोनवर किंवा पुन्हा पेहिबायेच्या वेगळ्या टप्प्यावर असतो. चौथा दिवस मोकळा ठेवलेला आहे. खांदे आणि तळहात यांना विश्रांती मिळावी हा त्यामागचा एक हेतू आहे, आणि नदी चढली तर कार्यक्रम मागेपुढे करायला जागा राहावी हा दुसरा. पाचव्या आणि सहाव्या दिवशी पाकुआरेचा खालचा टप्पा, मध्ये एक रात्र नदीकाठी काढून, पूर्ण केला जातो आणि सिक्विरेस गावाजवळ नदीतून बाहेर पडता येते. सातवा दिवस परतीचा आहे.

येथे सूर्य सकाळी साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आतबाहेर मावळतो. हा देश विषुववृत्ताच्या जवळ असल्याने वर्षभरात त्यात फारसा फरक पडत नाही. अंधार झपाट्याने पडतो आणि पाऊस बहुधा दुपारनंतर जोर धरतो, म्हणून नदीवर सकाळी लवकर उतरण्याचा नियम कटाक्षाने पाळला जातो.

माझे कौशल्य पुरेसे आहे की नाही, हे कसे ओळखावे?

नदीची अवघडता जगभर १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. श्रेणी ३ मध्ये लाटा अनियमित असतात आणि अरुंद वाटांतून बोट नेमकी वळवावी लागते. श्रेणी ४ मध्ये पाणी जोरदार असते, पुढची वाट आधी पाहून ठरवावी लागते आणि पाण्यात पडलेल्याला स्वतःहून बाहेर येणे कठीण होऊ शकते. पाकुआरेचा खालचा टप्पा श्रेणी ३ ते ४ चा आहे. त्याच नदीचा वरचा टप्पा याहून बराच कठीण असून तो या आठवड्यात समाविष्ट नाही.

स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. श्रेणी ३ च्या रॅपिडमध्ये (नदीच्या खळाळत्या, वेगवान टप्प्यात), पाणी तोंडावर आदळत असताना आणि मनाची तयारी नसताना, बोट उलटली तर रोल बसतो का, म्हणजे बोटीतच राहून ती वल्ह्याने सरळ करता येते का? स्विमिंग पूलमध्ये बसणारा रोल आणि हा रोल यांत फार अंतर आहे. दुसरा प्रश्न असा की, पुढच्याच्या मागे जाताना मी स्वतः पाणी वाचतो का, की केवळ त्याच्या बोटीचे शेपूट पाहत राहतो? आणि तिसरा, आजचे पाणी माझ्यासाठी नाही असे सर्वांसमोर म्हणता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंतील थोडी कमतरता आठवड्यात भरून काढता येते. उलट परिस्थितीत मात्र आम्ही फार काही करू शकत नाही.

नोंदणीच्या वेळी आपला अनुभव जसा आहे तसाच लिहावा. गट त्यावरून बांधले जातात, आणि वाढवून सांगितलेल्या अनुभवाचा भार त्या गटातील प्रत्येकाला उचलावा लागतो.

ठरलेली नदी ऐनवेळी बदलू शकते का?

होय, आणि बऱ्याचदा बदलते. हे उत्तर जरा लांब आहे, कारण हा आठवडा ज्याला समजून घ्यायचा आहे त्याला येथील पाण्याचे वागणे आधी समजले पाहिजे.

बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी उन्हाबरोबर चढते आणि रात्रीच्या गारव्यात उतरते. त्याचा अंदाज बांधता येतो. येथील नद्या पावसावर चालतात. पाणलोट तीव्र उताराचा आहे, माती वर्षातले बरेच दिवस आधीच भिजलेली असते आणि त्यामुळे वर पडलेला पाऊस जमिनीत न मुरता थेट ओढ्यांत उतरतो. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना, वरच्या डोंगरात झालेल्या पावसाने नदी काही तासांत रंग बदलू शकते. पाकुआरेच्या शेवटच्या भागातील दोस मोंतान्यास या घळीसारख्या अरुंद जागी तेच पाणी पसरायला जागा न मिळाल्याने उंच चढते.

पाणी चढले म्हणजे रॅपिड केवळ मोठा होतो असे नव्हे. ज्या एड्यांमध्ये आपण थांबतो, श्वास घेतो आणि मागच्याची वाट पाहतो, त्या एड्याच वाहून जातात. दोन रॅपिडमधले शांत डोह नाहीसे होतात आणि पाण्यात पडलेला माणूस एका रॅपिडमधून थेट दुसऱ्यात जातो. श्रेणीचा आकडा कागदावर तोच राहतो. नदी मात्र वेगळी झालेली असते. पाणी फार उतरले तरी धोका संपत नाही, त्याचे रूप बदलते : खडक उघडे पडतात, बोट त्यांच्यात अडकते, आणि खडकांच्या फटींतून पाणी निघून जाते पण माणूस जाऊ शकत नाही अशा जागा तयार होतात.

या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे याच देशाने पाहिले आहे. २० ऑक्टोबर २०१८ रोजी केपोसजवळच्या नारान्हो नदीवर, पावसाने चढलेल्या पाण्यात राफ्ट (हवा भरलेल्या मोठ्या रबरी बोटी) उलटल्या आणि ४ पर्यटक व १ गाईड मृत्युमुखी पडले. ती घटना या उत्तरात नोंदवण्याचे कारण एवढेच की, नदीवर न उतरण्याचा निर्णय आम्ही घेतो तेव्हा तो कोणत्या वजनाचा असतो हे आपल्यालाही ठाऊक असावे.

निर्णय कसा होतो, तेही सांगतो. सकाळी मुख्य गाईड पाण्याशी एकटा जातो आणि ओळखीच्या खडकावरची ओली रेघ पाहतो. रेघ पाण्याच्या वर दिसत असेल, तर नदी उतरते आहे. कोरडा दगड थेट पाण्यात शिरलेला दिसत असेल, तर ती चढते आहे. पाण्याचा रंग, त्यावर तरंगणारी पाने आणि काटक्या, तळाचे गोटे एकमेकांवर घासल्याचा दबका आवाज, या सगळ्यांचा हिशेब होतो. दुपारी जेवायला थांबल्यावरही पाण्याच्या कडेला एक काडी रोवली जाते, आणि जेवण संपेपर्यंत कोणी ना कोणी तिच्याकडे पाहत असते. काडी पाण्यात गेली, तर जेवण अर्धे टाकून निघावे लागते किंवा तेथेच उंचावर थांबावे लागते. गाईडचा निर्णय अंतिम असतो आणि त्यावर मतदान होत नाही.

मग कोणत्या महिन्यात येणे चांगले?

कॅरिबियन बाजूला खऱ्या अर्थाने कोरडा ऋतू नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाऊस तुलनेने कमी असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणखी एक उघडीप मिळते. गंमत अशी की, त्याच दोन महिन्यांत देशाच्या पॅसिफिक बाजूला पावसाचा जोर असतो. नोव्हेंबर-डिसेंबर आणि जुलैच्या आसपास पाणी मोठे असते. श्रेणी ३ वर नुकतेच स्थिरावलेल्यांनी कमी पावसाचे महिने निवडावेत. ज्यांना मोठ्या पाण्याची सवय आहे त्यांना जून ते ऑगस्ट आवडतो, पण त्यांनीही एखादा दिवस किनाऱ्यावर काढण्याची तयारी ठेवावी. अशा दिवशी बहुधा ग्वायाबो येथील प्राचीन वसाहतीचे अवशेष पाहायला जातो. तेथे शेकडो वर्षांपूर्वी दगडात बांधलेल्या पाटांमधून आजही पाणी वाहते, आणि पाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटत नाही.

बोट उलटली, रोल बसला नाही आणि मी पाण्यात पडलो, तर काय करायचे?

सर्वप्रथम वल्हे आणि शक्य असल्यास बोट धरून ठेवावी, मात्र स्वतःच्या सुरक्षेच्या मोबदल्यात नव्हे. पाठीवर पडून पाय पुढे, पाण्याच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाय तळाच्या खडकांत अडकला, तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे वाकवते, आणि गुडघाभर खोलीतही त्यातून सुटणे कठीण असते. समोर झाडाचा ओंडका किंवा फांद्यांचा गुंता दिसला, तर पोटावर वळून जोरात पोहत त्याच्यापासून दूर जावे; दूर जाणे शक्यच नसेल, तर डोके पुढे करून त्याच्यावर चढण्याचा प्रयत्न करावा. जंगलातून वाहणाऱ्या नदीत प्रत्येक पुरानंतर नवी झाडे आडवी पडतात, म्हणून गेल्या आठवड्यात मोकळी असलेली वाट या आठवड्यात मोकळीच असेल असे गाईडदेखील गृहीत धरत नाहीत.

थ्रो बॅग (बचावासाठी फेकलेली दोरीची पिशवी) आली तर दोरी पकडावी, पिशवी नव्हे. दोरी विरुद्ध खांद्यावरून घेऊन पाठीवर राहावे आणि ती हाताला गुंडाळू नये. पहिल्या दिवशी हे सगळे प्रत्येकाकडून पाण्यात करून घेतले जाते, अनुभवींकडूनही.

नदीवर एकमेकांशी बोलायचे कसे?

पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. उभे धरलेले वल्हे म्हणजे वाट मोकळी आहे, या. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवे धरलेले वल्हे म्हणजे थांबा. शिट्टीचे तीन आवाज म्हणजे मदत हवी आहे. स्वतःच्या डोक्यावर थोपटणे म्हणजे मी ठीक आहे, आणि ही खूण समोरच्यालाही परत करायची असते. एखादी खूण समजली नाही तर ती ‘थांबा’ अशीच आहे असे समजावे.

खांद्याला पूर्वी दुखापत झाली होती. येऊ का?

आधी डॉक्टरांना विचारावे आणि ते आम्हालाही कळवावे. कयाकमध्ये खांदा निखळण्याची बरीच प्रकरणे एकाच चुकीतून होतात : लाटेत तोल जाताना हात कोपरापासून उंच आणि मागे जातो. कोपर खाली आणि हात कायम छातीसमोर राहिले तर धोका बराच कमी होतो. आठवड्याच्या मध्यावर, थकवा साचल्यावर, ही शिस्त सुटू लागते. तेव्हा एक दिवस राफ्टमध्ये बसून घालवणे अत्यंत शहाणपणाचे आहे.

कयाक न चालवणाऱ्या जोडीदाराला आणता येईल का?

आणता येईल. पाकुआरेवर सामान आणि बचावसाहित्य वाहणारी राफ्ट सोबत असतेच आणि तिच्यात गाईडसह बसता येते. पोहता येणे आणि सूचना ऐकून लगेच अमलात आणण्याची तयारी, एवढे मात्र आवश्यक आहे.

स्वतःची बोट आणावी का? सोबत काय घ्यावे?

कयाक विमानाने नेणे दगदगीचे आहे आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. तुरियाल्बात बोटी मिळतात. उंची, वजन आणि बुटाचा क्रमांक आधी कळवावा. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि स्प्रे स्कर्ट (कमरेला घालून बोटीचे तोंड झाकणारे आवरण) मात्र स्वतःचे असलेले उत्तम. स्कर्ट आणताना आपल्याला मिळणाऱ्या बोटीच्या तोंडाचे माप विचारून घ्यावे, कारण सैल स्कर्ट पहिल्याच मोठ्या लाटेत निघतो आणि अतिघट्ट स्कर्ट गरजेच्या वेळी निघत नाही.

पाणी कोमट असल्याने जाड वेटसूट लागत नाही. पातळ लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा शर्ट आणि पावसाच्या दिवसासाठी हलके जॅकेट पुरते. बूट टाच झाकणारे आणि घट्ट तळाचे असावेत, सँडल चालत नाहीत. चष्म्याला पट्टी आणि सोबत दुसरा चष्मा असावा. येथे दमटपणामुळे काहीच नीट वाळत नाही, म्हणून एक कपड्यांचा जोड केवळ रात्रीसाठी राखून, ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) वेगळ्या पिशवीत गुंडाळून ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी तो नदीवर घालू नये. ओल्या कपड्यांनी काखेत आणि मांड्यांना होणाऱ्या घासण्यावर व्हॅसलीन लावावे, रात्री पाय कोरडे करून बुरशीरोधक पावडर टाकावी. आठवडा अर्ध्यावर सोडावा लागण्याची कारणे बहुधा अशीच किरकोळ असतात.

नदीकाठचा मुक्काम कसा असतो? मासिक पाळीच्या काळात अडचण होते का?

मुक्काम पाण्यापासून उंचावर, छपराखाली आणि मच्छरदाणीत असतो. मोबाइलला रेंज नसते. तातडीच्या संपर्कासाठी गाईडकडे उपग्रह उपकरण असते. शौचालयाची सोय मुक्कामाच्या जागी आहे. दिवसा, नदीवर असताना, गाईडला केवळ ‘थांबायचे आहे’ एवढे सांगितले तरी पुरते, कोणी कारण विचारत नाही. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन पाण्यात सोयीचे पडतात; वापरलेले सर्व साहित्य बंद पिशवीत परत आणावे लागते आणि त्यासाठी अपारदर्शक पिशव्या दिल्या जातात.

साप, मगरी आणि डास यांचे काय?

येथील सर्वांत गंभीर साप म्हणजे तेर्सिओपेलो. तो पालापाचोळ्यात दिसत नाही, म्हणून रॅपिड पाहण्यासाठी किनाऱ्यावर चढताना हात कुठे ठेवतो आणि पाय कुठे टाकतो हे पाहूनच पुढे जावे, आणि अंधारात टॉर्चशिवाय हिंडू नये. सर्पदंशावरचे प्रतिविष कोस्टा रिकातच, विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत तयार होते. दंश झाल्यास चिरणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात नेणे हाच उपचार आहे. मगरी सपाटीवरच्या संथ पाण्यात राहतात, घळीतल्या वेगवान पाण्यात त्यांचा प्रश्न येत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे डासरोधक मलम सकाळीच लावावे.

त्याच घळीत मोठी निळी मॉर्फो फुलपाखरे पाण्यावरून वाहत्या हवेबरोबर जातात, ओरोपेंदोला पक्ष्यांची लांब लोंबती घरटी फांद्यांना टांगलेली दिसतात आणि उकास येथील धबधबा थेट नदीत उतरतो. या गोष्टी पाहण्यासाठी एडीत थांबायला वेळ ठेवलेला आहे.

पाकुआरेवर धरण होणार असे ऐकले होते. ते खरे आहे का?

तिच्यावर वीजप्रकल्प उभारण्याचा विचार अनेक वर्षे चालू होता. २००५ मध्ये तुरियाल्बाच्या रहिवाशांनी मतदानात त्याला नकार दिला, आणि २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुईस गियेर्मो सोलिस यांच्या सरकारने पाकुआरे आणि सावेग्रे या दोन नद्यांवर २५ वर्षांसाठी वीजप्रकल्पांना मनाई करणारा हुकूम काढला. शेजारच्या रेव्हेंतासोनची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर काची, २००० सालचे आंगोस्तुरा आणि २०१६ मध्ये सुरू झालेले, ३०५.५ मेगावॅट क्षमतेचे रेव्हेंतासोन अशी धरणे आहेत. तिचे एकेकाळी कयाकपटूंमध्ये गाजलेले काही टप्पे या बांधकामांनी बदलून टाकले, आणि उरलेल्या टप्प्यांवर उतरण्यापूर्वी धरणातून पाणी कधी सोडले जाणार याची चौकशी करावी लागते. एकाच आठवड्यात या दोन्ही नद्यांवर वल्हे मारणाऱ्याला मोकळ्या नदीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाकुआरेच्या काठावरच्या डोंगरांत काबेकार या मूलनिवासी समाजाची वस्ती आहे. त्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत.

विमा, पैसे आणि कागदपत्रे यांची तयारी काय करावी?

प्रवासविम्याची कलमे बारकाईने वाचावीत, कारण अनेक पॉलिसी ठरावीक श्रेणीपुढील व्हाइटवॉटर (खळाळत्या नदीतील जलक्रीडा) वगळतात. श्रेणी ४ पर्यंतचे संरक्षण आणि दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च लेखी समाविष्ट असावा. चलन कोलोन आहे, पण अमेरिकी डॉलरही बऱ्याच ठिकाणी चालतात. काही देशांतून येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. आपला विमानमार्ग त्यांपैकी कोणत्या देशातून जातो का, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. आपत्कालीन क्रमांक ९११ आहे.

नदीचे पाणी पोटात गेले तर काय? परतल्यावर काही काळजी घ्यावी लागते का?

काळजी घ्यावी लागते, आणि हा प्रश्न जेवढ्या जणांनी विचारायला हवा तेवढे विचारत नाहीत. प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंमुळे लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पुरानंतर गढूळ झालेल्या पाण्यात त्याचा धोका वाढतो. १९९६ मध्ये कोस्टा रिकात राफ्टिंग करून अमेरिकेत परतलेल्या २६ जणांच्या एका गटापैकी ९ जण आजारी पडले. पाण्यात बुडणे आणि पाणी गिळणे यांच्याशी आजाराचा संबंध दिसला. रोल करताना तोंड बंद ठेवणे, जखमा जलरोधक पट्टीने झाकणे आणि दिवस संपताच स्वच्छ पाण्याने अंघोळ करणे हे सोपे उपाय आहेत. प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही, हे निघण्यापूर्वी प्रवासवैद्यकाच्या डॉक्टरांना विचारावे.

लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात, पण महिनाभरही लागू शकतो, म्हणजे ती घरी पोहोचल्यावर सुरू होतात. अचानक चढलेला ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे यांपैकी काहीही जाणवले, तर फ्लू समजून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आपण उष्णकटिबंधातील नदीच्या पाण्यात आठवडाभर होतो हे सांगावे, कारण डॉक्टर स्वतःहून ते विचारतीलच असे नाही. आणि आम्हालाही कळवावे, म्हणजे त्या गटातील इतरांना वेळेत सावध करता येईल.